ट्रेलरच्या मागे कोण उभं राहणार

शंतनू,
शनिवारी तुम्ही खुशाल कॅम्पिंगला जा. आता ट्रेलरला मागे कॅमेरा आहे, माझं तिथे काय काम?
— बाबा

बाबा,
तुम्ही अजून वॉकहून आला नाहीत आणि मला नऊची मीटिंग आहे, म्हणून तुमच्या चिठ्ठीखालीच लिहितोय.

मागच्या महिन्यात फ्लॅगस्टाफच्या कॅम्पग्राउंडवर मी ट्रेलर रिव्हर्स करताना तुम्ही मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतात. नंतरचं तुमचं ‘थांब’ मला ऐकूच आलं नाही. नील ‘आजोबा!’ असं किंचाळला म्हणून ब्रेक दाबला. उतरून पाहिलं, तर ट्रेलर तुमच्या गुडघ्यापासून वीतभरावर होता. तुम्ही हसण्यावारी नेलंत. ट्रेलरवरचा तंबू उघडायच्या आधी मी दोनदा मागे जाऊन ते अंतर मोजून पाहिलं. हे मी रेणूलाही सांगितलेलं नाही.

कॅमेरा खाली, बंपरवर बसवलाय. वरच्या तंबूची घडी होते, तिथे वायर तुटली असती. त्यामुळे वरच्या फांद्या त्याला दिसत नाहीत. त्या तुम्ही बघा, पण माझ्या खिडकीच्या बाजूला उभं राहून.

साडेपाचला येतो. इंजिन बंद ठेवून तुम्ही एकदा ट्रेलरमागे उभे राहा. स्क्रीनवर तुम्ही पूर्ण दिसता का, ते मला बघायचंय.

शंतनू