बेदाण्याच्या खोक्यातले शब्द

अण्णा,

परवा तासगावच्या बाजारात बेदाण्याचं खोकं दिसलं आणि मी खरेदी टाकून परत फिरले. तसली अकरा खोकी आपल्या माधवनगरच्या माळ्यावर होती, शब्दांनी भरलेली. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी कापून तुम्ही चिठ्ठ्या करायचात. वर शब्द, मध्ये अर्थ, खाली बोलणाऱ्याचं नाव आणि गाव. बिननावाची चिठ्ठी तुम्हाला चालायची नाही. "शब्द वाऱ्यावर आल्याला न्हाई, कुणाच्या तरी तोंडचा हाय," म्हणायचात. शाळेत मास्तर असून तुम्ही हट्टानं गावचंच बोलायचात. मी कॉलेजात होते, मला त्याची लाज वाटायची. शब्द सांगायला आलेल्या गिरणीतल्या एका बाईला मी 'हाय' नाही, 'आहे' म्हणा असं शिकवत होते, तर तिच्यादेखत मला झापलंत. "तिला सुधरू नगंस. तिच्याकडनं शिक."

आई साताऱ्याकडची. ती भाकरी थापत बोलायची, तुम्ही शेजारी पाटावर बसून लिहायचात. ती गेली तेव्हा तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. तिच्या चिठ्ठ्यांचं एक खोकं तेवढं होतं.

मग आणीबाणी आली. वाचता न येणाऱ्या इंग्रजी कागदावर अंगठा उठवू नका, आपल्या भाषेत मागा, असं तुम्ही गिरणीच्या फाटकावर कामगारांना सांगितलंत आणि चौथ्या दिवशी तुम्हाला उचललं. शेजारच्या काकू माझ्या कानाशी लागल्या, "पोरी, नावं लिवल्यालं कागद हाईत नव्हं घरात? झडती झाली तर समदी आत जात्याल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीचा बंब पेटवला आणि एकेक खोकं त्यात रिकामं केलं. आईचं शेवटी राहिलं. मेलेल्या बाईला कोण पकडणार होतं? तरी तेही घातलं. झडती झालीच नाही.

तुम्ही सुटून आलात ते निम्मे होऊन. चहा न घेताच माळ्यावर चढलात. मी खालून म्हणाले, "पोलिसांनी नेलं." तेव्हापासून दर सोमवारी तुम्ही अर्ज घेऊन सांगलीला ठाण्यात जायचात. एकदा मी बरोबर होते. बाकावरून उठून तुम्ही हात जोडलेत. "आवं साहेब, बाकीचं ऱ्हाऊ द्या. माज्या मंडळीच्या चिठ्ठ्या तेवढ्या द्या." फौजदार भला माणूस होता. "गुरुजी, आमी कागद न्हेलंच न्हाईत," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. वाटेत तुम्ही म्हणालात, "कसा धडधडीत खोटं बोलतोय बघ." मी मान डोलावली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हाही उशाशी अर्ज होता.

हे पत्र टाकायचं कुठं? घडी करून ठेवून देईन. भिऊन जाळलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या सकाळी बंबातलं पाणी उकळलं होतं, आणि ते वाया कशाला घालवायचं म्हणून मी त्यानंच डोक्यावरून न्हाले. खूप हलकं वाटलं होतं, अण्णा. आता आईचा एक शब्द आठवू म्हटलं, तर एकही आठवत नाही.