समुद्राला चटका

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
८ डिसेंबर २०२४

प्रिय नबीला,

सलाम आणि खूप दुवा.

तू बरी असशील. तुझ्या आईचे गुडघे आणि बाबांचा खोकला आटोक्यात असेल, इन्शाल्ला. इथे शफा बरी, जावईबापू बरे, मी बरी. थंडी पडली आहे, म्हणजे एसी बंद करून पंखा लावण्याइतपत. फजलचे मामा परवा रत्नागिरीला येताहेत, त्यांच्या हाती हे देते. फोनवर मी ओरडते. कागदावर मात्र कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी लावलेली शिस्त अजून थोडी टिकून आहे.

तुझा निरोप मिळाला होता. त्याकडे येते.

आधी माझा नवा उद्योग ऐक. शफाने मला न विचारता इथल्या एका हेरिटेज व्हिलेजमध्ये माझं नाव घातलं. म्हणाली, "अम्मी, दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसतेस. मला बघवत नाही." मी म्हटलं, "आयुष्यभर पोरांना इंग्रजी शिकवलं, आता झोपडीत बसून टूरिस्टांना दर्शन देऊ?" पण फजल खाली गाडी सुरू करून उभा होता. जावयाला ताटकळत ठेवायचं नाही, एवढं वळण आपल्याकडे आहे.

हे व्हिलेज म्हणजे समुद्रकाठी उभारलेलं जुनं गाव. तेल निघण्याआधी इथली माणसं कशी राहत, ते राहून दाखवायचं. खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्या, जमिनीवर मांडलेला माग, मोती काढायला जाणाऱ्या लाकडी होड्या. पलीकडे लुसैलचे टॉवर झगमगतात, त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, म्हणजे फोटो जुना येतो! झोपडीच्या आत चार्जिंगचा प्लग आहे. तो टोपलीने झाकायचं काम पहिल्या दिवशी माझ्याकडे होतं. सूत कातणं मला जमलं नाही, पण झावळ्या विणणं जमलं. आपल्याकडे माडाची झापं विणतात तसंच. हातांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

शिकवायला उम्म हमद नावाची म्हातारी आहे. पक्की इथली. घरच्या ड्रायव्हरकडून उचललेली हिंदी बोलते आणि माझ्यापेक्षा फटकळ आहे. तूच हिशेब कर.

तिने जुनी रीत सांगितली. पुरुष मोत्यांसाठी महिनोन्‌महिने समुद्रावर असत. परतायला उशीर झाला की बायका किनाऱ्यावर जमायच्या, पेटती झावळी पाण्यात खुपसून समुद्राला चटका द्यायच्या. हट्टी पोराला द्यावा तसा. तोबा कर, आमची माणसं परत दे. मी म्हटलं, "समुद्राची विनवणी का नाही करायची?" ती म्हणाली, "समंदर को अच्छा बोलो तो सुनता नहीं, सुगरा."

यंदाच्या उत्सवात हाच प्रसंग करून दाखवायचा ठरला. मला एका पाणबुड्याची आई केलं. शफाला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "अम्मी, दुसरं काही माग. टोपल्या विण." मी म्हटलं, "कोणीतरी आई व्हायलाच हवं."

कार्यक्रम सांभाळणारी मालविका नावाची पुण्याची मुलगी आहे. हातात सतत वॉकीटॉकी. तिने मला प्लास्टिकची झावळी दिली, टोकाला लाल दिवा.

"आंटी, बटण दाबलं की पेटते. आग अलाउड नाही."

"समुद्र बॅटरीला भितो का गं?"

ती हसली. मी हसले नाही.

नबीला, तुझ्या बाबांना मी फोनवर जे बोलले ते बोलायला नको होतं. "मला माझा मुलगा दाखवा, मग तिच्या बांगड्या उतरवा," असं म्हणाले ना मी? ते काझीसाहेबांचं म्हणणं तेवढं सांगत होते. जैदच्या बोटीवरच्या दोघांनी त्याला वादळात दोर बांधता बांधता समुद्रात पडलेलं पाहिलं, हे मलाही ठाऊक आहे. त्यांनी शपथेवर सांगितलं आहे. शोधणाऱ्यांना त्याचं कामावरचं हेल्मेट तेवढं मिळालं. ते इथे माझ्या कपाटात आहे. शफाला वाटतं, मी ते कंपनीला परत करून टाकलं.

परवा कार्यक्रम झाला. सूर्य मावळत होता, टूरिस्ट गालिच्यांवर बसले होते. आम्ही बायका पाण्याच्या कडेला उभ्या. माझं बटण दाबलं, दिवा लागला नाही. खरं सांगते, बरं वाटलं. उम्म हमदच्या धूपदानीत निखारे होते. मी चिमट्याने एक उचलला, खऱ्या झावळीला लावला आणि घोट्याएवढ्या पाण्यात शिरले. मालविका मागून ओरडली, "आंटी, नो! नो!"

झावळी पाण्यात घातली. चर्र झालं.

अरबी ओळी पाठ केल्या होत्या, त्यातली एक आठवली नाही. तोंडातून आपलीच भाषा आली. "मेल्या, तुझं पोट कधी भरणार? एवढी तारवं खाल्लीस, माणसं खाल्लीस, अजून भूक? माझा जैद दे! त्याची बायको दारात उभी आहे, लाज नाही वाटत?" आणखी बरंच. सिस्टर्सनी कानावर हात ठेवले असते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, नबीला. मोबाइल वर करून टाळ्या वाजवल्या.

मग ठरल्याप्रमाणे होडी आली. माझा पाणबुड्या होता शिवराज, साताऱ्याकडचा, क्रेन चालवतो, सुट्टीच्या दिवशी इथे येतो. पाण्यातून चालत आला, वाकला, म्हणाला, "आलो, आई." मी त्याच्या डोक्यावर गुलाबपाणी शिंपडायचं होतं. मी म्हटलं, "तू माझा नाहीस."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हाईत हाय, मावशी. पर टावेल तरी द्या, गारठलोय."

मी ओढणीने त्याचं डोकं पुसलं. टाळूवर एकच भोवरा. जैदला दोन आहेत. आठवतं, साखरपुड्यात तुझ्या आत्याने ते पाहिलं आणि विचारलं, "ह्याची दोन लगीनं तर व्हायची नाहीत ना?" सगळे हसले होते. जैद सर्वांत जास्त.

पोटच्या पोराची ओळख हाताला असते. त्या ओल्या डोक्यावर माझा हात थांबला, आणि डोळ्यांनी इतके महिने जे मान्य केलं नव्हतं ते हाताने केलं. शिवराज बिचारा मी हात काढेपर्यंत वाकून उभा राहिला.

नंतर झोपडीत उम्म हमद कॉफी देत होती. तिची आजी खरोखर अशी किनाऱ्यावर उभी असायची. मी विचारलं, "जो आया नहीं, उसका क्या?"

तिने हातातला पेला फिरवला. "उसका बीवी घर गया. मां खड़ा रहा."

तर आता तुझा निरोप. "अम्मी, काझीसाहेब इद्दतीला बसायला सांगतात. तुम्ही म्हणाल तसं." एवढ्या दोन ओळी, आणि मी तुला उत्तर दिलं नाही. काझींच्या शब्दापेक्षा माझ्या शब्दासाठी थांबलीस. हे ओझं तुझ्यावर मी टाकलं, म्हणून मीच उतरवते.

बस, बाळा. बिसमिल्ला करून बस. बांगड्या तुझ्या आईला उतरवू दे, कोणा शेजारणीला नको. चार महिने दहा दिवसांचा दुखवटा. मग ऊठ, नहा, चांगले कपडे घाल आणि दाराबाहेर पड. तुझं वय बाहेर पडायचं आहे. पुढेमागे घरात कोणी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तर माझं तोंड आठवून नाही म्हणू नकोस. तुझ्या बाबांना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे त्यांची माफी मागायला मला वेगळा फोन नको.

बायकोला इद्दत आहे, तिला शेवट आहे. आईला अल्लाने इद्दत दिली नाही. मालविकाने मला पुढच्या वर्षीसाठी बंदी घातली आहे, पण समुद्र काही तिच्या बापाचा नाही.

तू घरी जा, पोरी. काठावर मी आहे.

जैदची अम्मी,
सुगरा