तळटीपेतलं नाव

मालवण,
१२ ऑक्टोबर २००८

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा अर्धवट. ही सवय सोड, असं लिहिणार होते. राहू दे.

घरी ठीक. पाऊस गेला, भात पिवळं झालंय. तुझ्या बाबांचा खोकला आहेच.

तू कळवलेल्या वेबसाइट स्वरूपच्या सायबर कॅफेत बसून पाहिल्या. टिपणं कशी काढावीत, प्रबंधाचा आराखडा कसा करावा, दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून का खपवू नये, सगळं नीट समजावलंय. कोल्हापूरला बी.ए. करताना आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुझा रापणीवरचा प्रबंध तुमच्या विभागाने इंटरनेटवर घातलाय, तोही वाचला. भाषा स्वच्छ आहे. माहिती कुणी दिली, त्याचं नाव, गाव, भेटीची तारीख, तळटीपेत सगळं त्या वेबसाइटच्या नियमाप्रमाणे.

समीक्षा, रापणीचं जाळं सगळी वाडी मिळून किनाऱ्यावर ओढते, आणि तक्रारही ओढणाऱ्यांची सगळी रापणच करते. किनाऱ्यालगत बंदी असताना ट्रॉलर कुणी घातला, हे कुणीतरी एकानेच पाहिलेलं असतं. पण पोलिसांपुढेसुद्धा 'रापणीन बघल्यान' एवढंच सांगतात. हा नियम कुठल्या वेबसाइटवर नाही. तू वर ट्रॉलरमालकाचं नाव लिहिलंस आणि खाली तळटीपेत, ते पाहणारा म्हणून, आपल्या वाडीतल्या बाबलीचं.

गेल्या आठवड्यात दोघे मोटरसायकलवरून आले. हातात तुझ्या प्रबंधाचं छापलेलं पान. बाबलीचं घर कुठे, म्हणून अदबीने विचारलं. त्याच्या बायकोने, यशोदेने, चहा दिला. नवऱ्याचं नाव कॉम्प्युटरवर आलं म्हणून ती घरोघर सांगत फिरली. "आता माझ्या घोवाक ट्रॉलरवाले पण वळाखतत," म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी वाळूवर पसरलेलं त्याचं जाळं कापलेलं सापडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेघेत.

मी बाबलीला समजावलं. आपण असं काही बोललोच नाही, मुलीने चुकून लिहिलं, म्हणून मोकळा हो. त्याने ऐकून घेतलं.

"चेडवान खराच लिवल्यान, बाई. माका इचारल्यानी तर व्हयच म्हणतलंय. तेका खोटा पाडू?"

काल पहाटे तो होडी घेऊन एकटाच गेला. दुपारपर्यंत परत यायचा होता. आज संध्याकाळ झाली. वारा नाही, दर्या शांत आहे. शोधायला गेलेल्या होड्यांपैकी दोन परतल्या. त्यातली माणसं यशोदेकडे न बघता घरी गेली. ती किनाऱ्यावर बसून आहे. त्या पानाचा याच्याशी काय संबंध, ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

तुला फोन करायला दुकानात गेले होते. तिथे बसलेल्या एकाने विचारलं, समीक्षा दिवाळीक कधी येतली? यापूर्वी त्याने तुझी चौकशी कधी केली नव्हती. मी फोन न करताच परत आले.

तू येऊ नकोस. विभागात जाऊन तो प्रबंध आधी काढायला लाव. ज्यांनी छापून घेतलाय त्यांच्याकडे तो राहणारच, असं स्वरूप म्हणतो. तरी काढायला लाव.

उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस. अर्धवटही नको. मीही घातलेलं नाही, आणि खाली सहीही करत नाही. माझं अक्षर तुला कळतं.

तुझी आत्या