विशू बरी आहे

हिवरखेडे, ता. पारोळा
८ मे १९८९

ती. नर्मदाअक्कास,
धाकट्या आधारचा सविनय जयभीम वि. वि.

तुझी लेक सुखरूप पोचली. एस.टी.त ओकली नाही की रडली नाही, फक्त एरंडोलच्या स्टँडवर उसाचा रस पाहिजे म्हणून माझा शर्ट धरून बसली. तू निघताना दिलेल्या सूचना तिनेच मला पाठ म्हणून दाखवल्या. पाणी उकळलेलं, उन्हात टोपी आणि शेळ्यांत लोळायचं नाही. पहिल्या दोन तुझी भावजय केसर डोळ्यांत तेल घालून पाळते. तिसरी मात्र पहिल्याच दिवशी मोडली. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या करडाचं नाव तिने 'हेडमास्तर' ठेवलं असून ते करडू रोज रात्री तिच्या गोधडीत असतं. तुझ्या शाळेतल्या सरांना हे कळवू नकोस.

आईला तर दहा वर्षांची नात म्हणजे मैत्रीण मिळाल्यासारखं झालंय. दुपारी आई लिंबाखाली बैलांच्या गोचिडी काढते आणि विशू बैलाचा कान धरून उभी राहते. आई एकेक गोचीड ओढून दगडावर नखाने चिरडते. विशूनेही ती विद्या शिकून घेतली. शाळेत हे शिकवत नाहीत, अशी तिची तुमच्या शिक्षण खात्याबद्दल तक्रार आहे.

परवा आंघोळीच्या वेळी केसरला विशूच्या कमरेला, परकराच्या नाडीखाली, एक गोचीड चिकटलेली सापडली. मी विडी पेटवून चटका देणार होतो, तोवर आईने नखाने उपटून काढली आणि वर चुना लावला. पोरगी हूं का चूं नाही. तू मात्र हे वाचून डोळे मोठे करशील. जळगावला राहून तू फार मेहरूणकरीण झालीस, अक्का. लहानपणी तुझ्याच कानामागून आईने किती काढल्या असतील.

दाजींच्या पायाचं प्लॅस्टर कधी निघणार? त्यांना जयभीम. आमच्यावर लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
आधार

———

मेहरूण, जळगाव
१२ मे १९८९

चि. आधार यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून आधी हसले आणि मग तू म्हणालास तसे डोळे मोठे केले. अरे, करडू गोधडीत! तुला दोन शब्द ऐकवायला मीच आले असते, पण यांचा पाय अजून स्टुलावर आहे आणि तोंड मात्र दिवसभर चालू. चहा गार झाला, पेपर कुठे ठेवला, खिडकी लाव, खिडकी उघड. प्लॅस्टर पायाला घातलं की जिभेला आणखी धार येते, हे मला ठाऊक नव्हतं.

थट्टा पुरे. विशूला गोचिडी चिरडू देऊ नकोस. ते रक्त बोटांना लागतं आणि तीच बोटं तोंडात जातात. रोज आंघोळीला केसरने तिच्या काखा, कानामागे, केसांत नीट बघावं. चावलेली जागा वाळली का, तेही कळव. माझं मन उगाच त्या जागेपाशी जातंय. एकुलती एक आहे रे ती, म्हणून असेल.

आईला सांग, नातीला भाकरी थापायला शिकव म्हणावं, ते जास्त कामाचं आहे. केसरला आशीर्वाद. उत्तर लगेच टाक, आळस करू नकोस.

तुझी अक्का
नर्मदा

———

हिवरखेडे
१८ मे १९८९

ती. अक्कास,
आधारचा जयभीम.

हे पत्र कसं सुरू करावं ते कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. विशूला रविवारपासून ताप आहे. फार आहे. डोकं दुखतं म्हणून उशीवर आपटते. पारोळ्याच्या डॉक्टरांकडे सायकलवर घेऊन गेलो. त्यांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, इंजेक्शनही दिलं. ताप हलला नाही. चावल्याचं तू विचारलंस. ती जागा वाळली नाही, तिच्यावर बिब्बा घातल्यासारखी काळी खपली धरली आहे. पण ती दुखत नाही म्हणते.

काल अंगावर पुरळ उठलं. मनगटं आणि घोटे आधी, मग सगळीकडे, तळहात-तळपायांवरसुद्धा लाल ठिपके. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि माता निघाली म्हणाल्या. तेव्हापासून घर बदललं आहे. दाराला लिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद, आणि आईने गोळ्या उचलून फडताळात ठेवल्या. माता अंगात असताना औषध दिलं तर ती कोपते, असं तिचं म्हणणं. मी भांडलो, अक्का. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माझी आई हे बोलते, असं तिला म्हणालो. ती पोरीच्या अंगावरून लिंबाचा पाला फिरवत राहिली. मग बायका म्हणाल्या की पुरळ बाहेर पडलं की ताप आपोआप उतरतो, आणि मीही गप्प बसलो. गोवर तर सगळ्यांनाच होतो, असं मनाला समजावलं.

तू येऊ नकोस, असा आईचा निरोप आहे. बाहेरून कोणी आलं की बाधतं म्हणे. मी फक्त निरोप लिहिला. पुढे काय करायचं ते तू ठरव.

तुझा
आधार

———

तार
जळगाव, २० मे

विशूला गोवर चौथ्या वर्षी झालाय. परत होत नाही. गोळ्या बंद करू नका. मी निघाले.
नर्मदा

———

मुक्काम धुळे, दवाखान्यातून
२४ मे १९८९

चि. आधार यास,
आशीर्वाद.

विशूचा ताप आज पहाटेपासून उतरला. तिने खिचडी मागितली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील.

इथले डॉक्टर म्हातारे आहेत, फौजेत काढलीत वर्षं. त्यांनी तळहात बघितले, परकर खाली करून ती काळी खपली बघितली आणि घरात जनावरं आहेत का एवढंच विचारलं. हा गोचिडीचा ताप आहे म्हणाले. सुरुवातीला गोवरासारखा दिसतो, म्हणून लोक फसतात. हिवतापाच्या गोळ्यांनी तो जात नाही. त्याच्या कॅप्सुली वेगळ्या आहेत, साध्याच आहेत, पण वेळेवर पोटात जायला हव्यात. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर, असं म्हणून ते थांबले.

आता नीट ऐक. गोचीड दिसली की विडी, चुना, रॉकेल काही नको. चिमट्याने कातडीजवळ धरून हळू सरळ ओढायची, चिरडायची नाही, आणि हात साबणाने धुवायचे. तुमच्यापैकी कुणालाही ताप आला तर थेट दवाखाना गाठा.

विशूला घेऊन निघताना आईला मी अंगणात जे बोलले ते गल्लीने ऐकलं. तुझ्या मातेपायी तू माझी पोर खाल्ली असतीस, असं म्हणाले. ती नुसती उभी होती, हातात लिंबाचा डहाळा. आधार, मी ते अजून मागे घेत नाही. रात्रंदिवस पोरीच्या नाडीवर बोट ठेवून बसले की मागे घ्यायला मन होत नाही.

शनिवारी तिला घेऊन जळगावला जाते. हेडमास्तर कसा आहे, हा विशूचा प्रश्न.

नर्मदा

———

हिवरखेडे
२९ मे १९८९

ती. अक्कास,
आधारचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचलं. ताप उतरला हे ऐकून केसर रडली. आई हसली. इतकं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मग ती उठून आत गेली आणि आडवी झाली. अंगाला हात लावला तर तवा.

तिला तू गेलीस त्या दिवसापासून ताप आहे. बोलली नाही. मनगटांवर, तळहातांवर तेच ठिपके. मी धावत पारोळ्याला गेलो, डॉक्टरांना तू लिहिलेलं सांगितलं, विशूला दिल्या त्याच कॅप्सुली आणल्या. ती घेत नाही. तोंड मिटून घेते.

का, ते तिने काल केसरला सांगितलं. विशूला पुरळ उठलं त्या संध्याकाळी ती गावाबाहेर मरीमायच्या दगडांपाशी गेली होती. ज्या मरीमायचं आपल्या आज्याने आयुष्यभर केलं आणि जी आईने दीक्षा घेतल्या दिवशी सोडली, तिच्यापाशी, तेहेतीस वर्षांनी. हाई बठ्ठं माले दे, पोरले सोडी दे, असं पोरीचं सगळं दुखणं स्वतःवर मागून आली. आता पोरगी बरी झाली आणि हिच्या अंगावर आलं. तिच्या लेखी मागणं पुरं झालं आहे. गोळी खादी ते पोरवर परत जाई, असं म्हणते आणि भिंतीकडे वळते.

मी समजावलं की दोघी एकाच दगडापाशी गोचिडी चिरडत होत्या, रोग तिथूनच आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मलाच विचारलं, आणि तुझं खोटं निघालं तर? पोरीचं काय?

दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली तर खाटेचा पाया धरून बसली. बळजबरी करावी तर हाडं मोडतील एवढीच उरली आहे. मी काय करू, अक्का? तू बोललीस ते तिने मनात धरलेलं नाही. ते तिच्या ध्यानातही नाही. तिला फक्त विशूची काळजी आहे.

तुझा
आधार

———

जळगाव
३१ मे

ती. आजीस,
विशाखाचा जयभीम व गोड पापा.

आजी, मी बरी आहे. आईने मामाचं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडली, म्हणून मी पण ते वाचलं. तू गोळी घे. ती लाल-पिवळी असते आणि पाण्याबरोबर पटकन जाते. ताप परत माझ्याकडे आला तर येऊ दे. माझ्याकडे अजून गोळ्या उरल्या आहेत, मी डबी बघितली. म्हणजे तू पण घ्यायची आणि मी पण घ्यायची, मग तो कुणाकडेच जाणार नाही. हेडमास्तरला तुझ्या गोधडीत घेऊ नकोस, आधी केसरमामीला त्याच्या गोचिडी काढू दे.

तुझी
विशू

———

हिवरखेडे
३ जून १९८९

ती. अक्कास,
आधारचा जयभीम.

आईने कॅप्सूल घेतली. विशूचं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पोरीजवळ खरंच गोळ्या उरल्यात का, हे फिरफिरून विचारलं आणि मग तोंड उघडलं.

पण अक्का, एक गोळी पोटात गेली की तिचा जीव टांगणीला लागतो. जळगावला काय झालं असेल, म्हणून दाराकडे बघत पडते. पोस्टमन हिलाल दिसला की उठायला बघते. पोरगी बरी असल्याचं कळलं तरच ती पुढची गोळी घेते. आज जळगावचं काही आलं नाही, तर दुपारची गोळी तिने मुठीत दाबून ठेवली.

म्हणून रोज एक कार्ड टाक. लांबलचक काही नको. तिला एकच गोष्ट ऐकायची आहे.

डॉक्टर म्हणतात उशीर झाला आहे, वय झालं आहे, पण बघू. मीही बघू म्हणतो. भीती वाटते.

तुझा
आधार

———

जळगाव, ५ जून

ती. आईस जयभीम. विशू बरी आहे. मी अंगणात बोलले ते विसरून जा गं. मी येते लवकरच.
नर्मदा

———

जळगाव, ६ जून

विशू बरी आहे. आज मेहरूण तलावावर फिरून आली.
नर्मदा

———

जळगाव, ७ जून

विशू बरी आहे.
नर्मदा

———

हिवरखेडे
१४ जून १९८९

ती. अक्कास,
आधारचा जयभीम.

तू काल गेलीस आणि घर रिकामं झालं. आईच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसंही पांगली. दाजींना कुबडीवर एवढा प्रवास करायला लावला, ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे. विशूने आजीच्या गोधडीवर हात फिरवला. तिला जपा. आपल्यामुळे झालं, असं तिच्या मनात येऊ देऊ नका. एवढं मात्र नक्की करा.

तुला तिथे सांगायचं राहिलं. तुझं पाच तारखेचं कार्ड वाचलं तेव्हा 'विसरून जा' या शब्दांवर आईने हात हलवला. लेक आईवर नाही रागावणार तर कुणावर, असं म्हणाली, आणि पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. शेवटच्या दिवशीही तिने तेच ऐकलं. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. आम्हाला वाटलं, झोप लागली.

शेळ्यांच्या गोचिडी आता मी चिमट्याने काढतो आणि रॉकेलच्या डब्यात टाकतो. केसर साबण घेऊन पाठीशी उभी असते. लिंबाखालचा तो दगड मी उचलून लांब टाकला.

आज दुपारी हिलालने लांबूनच आईच्या नावाने हाक मारली. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो कार्ड हातात धरून रस्त्यातच उभा राहिला. आई गेल्याची माझी तार मिळायच्या आधी, त्याच सकाळी तू टाकलेलं कार्ड होतं, कुठेतरी अडकून राहिलेलं. मी ते घेतलं आणि सवयीने ओट्यावरून मोठ्यांदा वाचलं. विशू बरी आहे. केसर आतून बाहेर आली. खाटेवर कुणी नव्हतं.

अक्का, कार्ड बंद करू नकोस. रोज नको, आठवड्याला एक टाक, आणि तेवढंच लिही. वाचून दाखवायची मला सवय झाली आहे. तुझी माया या घरावर अशीच येत राहू दे.

तुझा
आधार