भरल्या ताटावरून

घोरावाडी,
११ नोव्हेंबर २०२५

चि. चैताली हिला,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं मजेत आहोत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. रेल्वेत जन्म गेला, पण अक्षर अजून रुळावरून घसरलेलं नाही. तुंगार्लीत थंडी पडली असेल, कान बांधत जा. आपल्याकडे नवा इंद्रायणी तांदूळ आलाय. शिजायला लागला की घरभर वास सुटतो.

मजेत आहोत हे खरं नाही.

तुझ्या भावाला, आपल्या प्रदीपला स्मशानात पोचवून आल्यापासून तुझ्या आईचं जेवण चहा आणि खारीवर आलं, ते तू पाहिलंच होतंस. जुलैत तू म्हणालीस, आईला मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी ओरडलो, "माझ्या घरात कुनी येडं न्हाई!" तू भरल्या ताटावरून उठून गेलीस.

शेवटी गेल्या महिन्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. म्हणाल्या, दुःखानं भूक मरते, आणि पोटात काही नसलं की मन आणखी खचतं. गोळ्या चालू ठेवा, पण डाळ, भाजी, अंडं पोटात गेलंच पाहिजे. गोळ्या ती घेते, पण ताट पुढं केलं की तोंड फिरवते. मी पिठलं शिकलो, हसू नकोस. शेजारची रेणुका भाकरी देते. तरी हिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. पोरी, मला भीती वाटते. मुलगा गेला, आता हीही हातची जाईल.

काल मी चिडलोच. "आगं शालन, कुनाची वाट बगतीस? पोरगा काय परत येनार हाय का?"

लय दिवसांनी ती बोलली.

"त्यो न्हाई येनार, ठावं हाय मला. पर माजी पोर भरल्या ताटावरनं उपाशी उठली. ती जेवल्याबिगर माज्या गळ्याखाली घास कसा उतरंल?"

तुझं ते ताट तिनं घासून वेगळं ठेवलंय. कुणाला हात लावू देत नाही.

तू बरोबर होतीस, मी चुकलो. रविवारी ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. फक्त आईसमोर बसून पोटभर जेव. तू जेवलीस की ती जेवेल.

तुम्हा दोघींच्या मागून जेवणारा,
तुझा आबा