मोटरशिवाय अख्खा फेरा

बुधवार, ३ सप्टेंबर. सकाळी ७.
ठरलं. आमच्या तळ्यांमधल्या द्वीपकल्पाला होडीनं अख्खा फेरा, पाच दिवसांत, मोटरशिवाय. जमलं तर तळ्याकाठचं घर विकायचं नाही. नाही जमलं तर सोमवारी सेंट पॉलच्या गिऱ्हाइकाला होकार कळवायचा आणि मुलीजवळ डुलुथला फ्लॅटमध्ये जायचं. ऐलीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." बेचाळीस वर्षांच्या संसारातला तिचा हा सगळ्यात मोठा वाद.

फ्लॅटमध्ये जाण्याइतका म्हातारा मी झालेलो नाही. एकोणसत्तर म्हणजे काही वय नाही. माझे खापरपणजोबा फरच्या व्यापाऱ्यांच्या होड्या वल्हवायचे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना पाठीवर बीव्हरच्या कातड्यांचे दोन गठ्ठे, एकेक नव्वद पौंडांचा, आणि वर पळत जायचे! हे रक्तातच असतं. डॉक्टर गुडघ्याबद्दल काहीतरी बडबडला, पण तो मूळचा ॲरिझोनाचा. त्याला तळ्यातलं काय कळतंय?

ऐली पुढे बसेल. सोबत म्हणून.

गुरुवार, ४ सप्टेंबर.
पहाटे पाचला निघणार होतो. निघालो नऊ चाळीसला. लाल कमरपट्टा सापडत नव्हता. फरवाले होडीकरी पट्ट्याशिवाय निघत नसत. तोवर ऐलीनं सामान भरलं होतं.

दुपारी पहिली पायवाट. होडी डोक्यावर घेऊन पलीकडच्या तळ्यात उतरवायची. गुडघा ऐनवेळी आडमुठेपणा करू लागला. ऐली म्हणाली, "मी घेते." मी नको म्हणेपर्यंत तिनं उचललीसुद्धा. मी दोन्ही वल्ही, नकाशा आणि कॉफीचा थर्मास घेतला, आणि मागून दिशा सांगत राहिलो. तेही काम असतंच.

ठरवलेले मैल: अठरा. झालेले: सात. पण पहिला दिवस धरत नाहीत.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. संध्याकाळ.
आज मोठं तळं आणि वारा थेट तोंडावर. वल्हं मारायचं थांबलं की होडी मागे.

तासाभरानं विन्स पगानो मोटरबोट घेऊन आला. आमचा शेजारी, शिकागोचा निवृत्त दातांचा डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आलेला. म्हणाला, "दोरी टाकू का? ओढून नेतो." मी म्हटलं, "छे छे, कशाला उगीच." तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "अहो, मजेत चाललंय आमचं." तर हा म्हणतो, "ओके, एन्जॉय!" आणि गेला. चक्क गेला!

याला माणुसकी म्हणायची? आमच्याकडे पहिले दोन नकार नुसते रीत म्हणून असतात. तिसऱ्यांदा विचारलं की आपण म्हणायचं, "बरं, तुम्हाला त्रास होणार नसेल तर." शेंबड्या पोरालाही कळतं हे. (दोरीनं ओढलं असतं तर नियम मोडला नसता. मोटर त्याची, होडी आपली.)

मग चार तास लाटांत. दोन तासांनंतर मी वल्ह्याचा उपयोग मुख्यतः होडीचा तोल सांभाळायला केला. ऐली वल्हवत राहिली. मैल: पाच.

शनिवार, ६ सप्टेंबर.
वारा तसाच. तंबूतच. माझे खांदे कामातून गेलेत.

सकाळी ऐलीला तंबूची चेन ओढता येईना. बोटं मिटतच नव्हती. कॉफी कपापेक्षा तिच्या मांडीवर जास्त सांडली. मी म्हटलं, "गारठा आहे." ती म्हणाली, "हो."

मी बराच वेळ पगानोच्या नावानं बोटं मोडल्यावर तिनं विचारलं, "त्यानं तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतास ना?"
"अर्थात."
"मीपण बघते. लाकडं फोडू का, असं तू दर वर्षी विचारतोस. मी नको म्हणते. तू जाऊन बसतोस."
मी म्हटलं, लाकडं शेजारच्या लेनर्डचा मुलगा फोडतो ना? तर म्हणे, तो फार्गोला जाऊन नऊ वर्षं झाली. छपरावरचं बर्फ? "मी." थंडीआधी होडी बांधायचा लाकडी धक्का पाण्याबाहेर ओढणं? "मी." धुराड्याची साफसफाई? "अरे आर्मंड, मीच की."

मला वाटायचं, आपलं घर फार कमी काम काढतं.

मग विचारलं, "तुला डुलुथला जायचंय का?" ती म्हणाली, "तुझा जीव आहे घरावर." पुन्हा विचारलं. म्हणाली, "मला काय, कुठेही चालेल." मग तिसऱ्यांदा विचारलं.
"हो," ती म्हणाली. "थकले रे मी."

फार वाईट वाटलं. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

रविवार, ७ सप्टेंबर.
इथल्या नॅशनल पार्कची गस्तीची बोट आली. रेंजरबाईंनी विचारलं, "मदत हवी?" मी पहिल्याच फटक्यात म्हटलं, "हो." ऐलीनं वळून माझ्याकडे बघितलं. बाईंना वाटलं, मला काहीतरी झालंय. त्यांनी नाडी तपासली.

ऐली बाकावर झोपली ती किनाऱ्यापर्यंत. तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. मला ते हात ओळखीचे वाटेनात. एकूण मैल: बारा. फेऱ्याचे राहिलेले मोजले नाहीत.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ९.
गिऱ्हाइकाला फोन मीच केला. खणखणीत आवाजात होकार दिला. तो दोनदा म्हणाला, "जरा मोठ्यानं बोलता का?"

ऐली अजून उठलेली नाही. तिच्यासाठी कॉफी करावी म्हणून स्वयंपाकघरात आलो. सगळी कपाटं उघडून झाली. डबा सापडत नाहीये. तिला उठवून विचारावं लागेल.