वाचनालयातला दर्जेदार प्रकाश

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. होणाऱ्या अध्यक्षाची रोजनिशी असावी. सध्या प्रकाशतज्ज्ञ संघाचा सचिव. अध्यक्षपदाची निवडणूक ३० तारखेला, समोर खजिनदार. संघ इतकी वर्षं नुसता चहा-बिस्किटांवर चाललाय. मी ठराव मांडला: सार्वजनिक वाचनालयातल्या भगभगीत ट्यूबलाइट काढून संघाने तिथे दर्जेदार प्रकाशाचा नमुना उभा करावा. मंजूर. खजिनदार म्हणाले, आधी एका कोपऱ्यात करून बघू. त्यांचं दिव्यांचं दुकान आहे. दुकानदारी वृत्ती. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
सासरे रोज वाचनालयात पेपर वाचायला जातात. त्यांना संघाचं सदस्य करून घेतलं. एक मत खिशात.

१२ मार्च
दिवे लागले! मऊ, पिवळसर, छताकडे तोंड केलेले. डोळ्यांवर येणारा ग्लेअर शून्य. ग्रंथपालबाई म्हणाल्या, पुस्तकांची नावं दिसत नाहीत. डोळ्यांना सवय व्हावी लागते, असं समजावलं. खजिनदार प्रकाश मोजायचं मीटर घेऊन आले होते. आकडा बघून म्हणाले, वाचायला लागतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. त्यांना सुनावलं, प्रकाश आकड्यांत मोजायचा नसतो. वाक्य चांगलं जमलंय. भाषणात घेणे.

१६ मार्च
तुडुंब गर्दी. एक खुर्ची रिकामी नाही. शांतता तर विचारूच नका. उभ्या नोकरीत अशी शांतता पाहिली नाही, असं खुद्द बाई म्हणाल्या. सूर कौतुकाचा नव्हता. स्वभाव.

१९ मार्च
बाईंचा फोन. पुस्तकं कोणी मागत नाही, लोक घरून उशा आणतात. एक गृहस्थ घोरतात, त्यामुळे बाकीच्यांची झोपमोड होऊन भांडणं लागतात. हे गृहस्थ म्हणजे आमचे सासरे. घरी विचारलं तर म्हणाले, डोळे मिटून वाचलेल्याचा विचार करतो. बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

२४ मार्च
मासिक सभा. 'वाचक दुप्पट' असा अहवाल दिला. टाळ्या. खजिनदारांनी विचारलं, परीक्षेची मुलं हल्ली कुठे अभ्यास करतात? मग स्वतःच उत्तर दिलं: बसथांब्यावर, दिव्याखाली. जरा लागलं मनाला. पण येताना वाटलं, प्रकाशाची चळवळ रस्त्यावर पोहोचली, हे काय कमी आहे?

२७ मार्च
बायको म्हणते, "चुकलं म्हणा आणि दिवे बदला. लोक उलट मानच देतील." तिला राजकारण कळत नाही. निवडणुकीआधी चुका कबूल करायच्या नसतात. अध्यक्ष झाल्यावर सावकाश बघू.

३० मार्च, संध्याकाळ
सभा पाचला होती. घरात भाषण पाठ होईना, म्हणून दुपारी जेवून वाचनालयात गेलो. सासऱ्यांशेजारची खुर्ची मिळाली. कागद उघडला. 'मित्रहो' नीट दिसलं. पुढची ओळ लागेना, म्हणून क्षणभर डोळे मिटले.

बाईंनी हलवलं तेव्हा त्या कुलूप लावायच्या बेतात होत्या.

धावत सभागृहात गेलो. खुर्च्या उचलत होते. दुसरा उमेदवार हजर नसल्याने खजिनदार बिनविरोध अध्यक्ष. पहिलाच ठराव वाचनालयाचे दिवे बदलण्याचा, तोही एकमताने.

सासरे घरी पेपर वाचत बसले होते. ते वेळेवर जागे होऊन सभेला गेले होते. मला का उठवलं नाही, विचारलं.

"इतके गाढ झोपला होतात, जावईबापू," म्हणाले, "उठवायचं जिवावर आलं."